मराठी न येणारे सर

झांबियातल्या मुलांचं आपल्यावाचून अडलंय, असं मला वयाच्या एकविसाव्या वर्षी वाटायला लागलं. यात झांबियाचा काही दोष नव्हता. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालो होतो, तेही सेकंड क्लासात, आणि मामाने मरोळच्या एका कारखान्यात टाइमकीपरची जागा बघून ठेवली होती. सकाळी सातला फाटकापाशी उभं राहायचं आणि कोण उशिरा आला ते लिहायचं. ही जागा टाळायची तर तिच्यापेक्षा वजनदार कारण हवं होतं, घरच्यांना नाही म्हणता येणार नाही असं. गरिबांची सेवा हे कारण त्या दृष्टीने सुरक्षित होतं, आणि गरीब जितके लांबचे तितकं ते भारदस्त वाटायचं. जवळचे गरीब आमच्याच चाळीत होते. त्यांची सेवा करतो म्हटलं असतं तर त्यांनी पहाटे नळावर बादल्या घेऊन उभं केलं असतं.

आम्ही बोरिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो. बाबा गिरणीत होते. संपात गिरणी गेली आणि ते दहिसरच्या एका गोदामावर वॉचमन लागले. विचारलं तर 'देखरेखीला असतो' म्हणायचे. त्या माणसाला मुलाबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं, आणि मी ते त्यांना आयतं आणून दिलं.

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर सायक्लोस्टाइल केलेला एक कागद लागला होता. परदेशात एक वर्ष शिक्षक म्हणून जा. प्रवास, राहणं, जेवण संस्थेकडे. पगार नाही, समाधान मिळेल. संस्थेचं ऑफिस अंधेरीला एका लॉन्ड्रीच्या वर होतं. जिना चढताना खळीचा वास यायचा आणि वर गेल्यावर संचालक दिसले की तो वास खालूनच येतोय की त्यांच्याकडून, असा प्रश्न पडायचा. ते स्वतः आफ्रिकेत अकरा दिवस राहून आले होते. त्या अकरा दिवसांवर त्यांनी आमचे सहा रविवार काढले. भिंतीवर फोटो होते. प्रत्येक फोटोत मुलं वेगळी, मधोमध संचालक तेच, आणि चेहऱ्यावर असा भाव की ही सगळी मुलं आपण यायच्या आधी नुसतीच उभी होती.

आम्ही पाच उमेदवार होतो. पाचही जण काही ना काही टाळून आलेले. आम्हाला मच्छरदाणी कशी लावायची ते शिकवण्यात आलं. मी बोरिवलीचा, पाळण्यात असल्यापासून डासांच्या ओळखीचा, तरी मी ते वहीत लिहून घेतलं. पाणी उकळायला शिकवलं. टाळ्या वाजवत म्हणायचं एक गाणं शिकवलं, जे तिथल्या कोणाला कळेल की नाही ते संचालकांनाही माहीत नव्हतं. शेवटच्या रविवारी त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली.

"तिथे तुम्हाला त्यांची भाषा येणार नाही आणि त्यांना तुमची," ते म्हणाले. "तेव्हा सरावाच्या शाळेतसुद्धा स्वतःला परकाच समजा. आपण इथले आहोत हे विसरून जा."

बाकीच्या चौघांनी मान डोलावली आणि सोडून दिलं. मी ते मनावर घेतलं. आयुष्यात मनावर घेण्यासारखं बरंच काही कानावरून गेलं असेल, पण मी नेमकं हे घेतलं.

सरावाची शाळा ही संस्थेची अट होती. जवळपासच्या एखाद्या गरजू शाळेत चार आठवडे शिकवायचं आणि मुख्याध्यापकांचं पत्र आणायचं. पत्रात एकच वाक्य हवं होतं: सदर उमेदवाराच्या हाती मुले सोपविण्यास हरकत नाही. खाली सही आणि शाळेचा गोल शिक्का. हे पत्र आलं तर तिकीट, नाही तर मरोळ.

बोरिवलीत शाळा पुष्कळ होत्या, पण त्यांतल्या एकीत मी स्वतः शिकलो होतो आणि मला ओळखणारे मास्तर अजून जिवंत होते. म्हणून मी गोराई निवडलं. गोराईला खाडी ओलांडून लाँचने जावं लागायचं. पाणी ओलांडून शिकवायला जायचं म्हणजे परदेशगमनाचीच तालीम, असं मी घरी सांगितलं. पलीकडे कुत्रं भुंकलं तर अलीकडे ऐकू यायचं, पण माझ्या कामाला तेवढं पाणी पुरलं.

शाळा तीन खोल्यांची. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या वसईकडच्या, पन्नाशीच्या, पाचवी-सहावी एकत्र बसवून एकटीने सांभाळणाऱ्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी बाबांनी परदेशासाठी शिवून घेतलेला बदामी सफारी सूट घालून गेलो होतो, कारण सुटाचाही सराव हवा.

"आमचे गणिताचे गुरुजी दिवाळीत बदलून गेले ते गेले," बाई म्हणाल्या. "दुसरा माणूस मिळत नाही. सातवीत अठरा मुलं आहेत. त्यातली चार स्कॉलरशिपला बसतायत. परीक्षेला दोन महिने आहेत आणि अकरा प्रकरणं राहिलीयत. चार आठवड्यांत किती होतील?"

"सगळी," मी म्हटलं.

"बरं. मग पत्राचं शेवटी बघू."

वर्गात गेलो आणि परका झालो. "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन," म्हटलं. त्यांनी ते सुरात परत केलं. मग नफा-तोटा हे प्रकरण मी पाऊण तास इंग्रजीत शिकवलं. शाळा मराठी, पुस्तक मराठी, पोरं गोराईच्या कोळीवाड्यातली, आणि मी फळ्यासमोर उभा राहून झांबियाला संबोधतोय. दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. बारीक चणीची, पण आवाज असा की धक्क्यावरून बोलली तर होडीतल्याला ऐकू जावं.

"सर, तुमाला मराठी येत नाय काय?"

येतं, बस खाली, असं म्हणायला किती वेळ लागला असता? मी मान तिरकी केली आणि "सॉरी?" म्हणालो.

ती वर्गाकडे वळली. "नाय येत," तिने जाहीर केलं.

"मद्रासचा असंल," मागून कोणीतरी म्हणालं.

"मद्रासचा नाय. मद्रासवाले हुशार असतात."

मी मंद हसत उभा राहिलो. न कळणारी माणसं असं हसतात, असं मला वाटत होतं. त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर जे झालं त्याला माझी तयारी नव्हती. त्या मुलांना माझी दया आली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी कागदात गुंडाळून एक सुका बोंबील घेऊन आली. तो तिने माझ्या नाकासमोर धरला आणि हळूहळू म्हणाली, "बोंऽऽबील." आमच्या घरात ज्यावर दोन पिढ्या पोसल्या तो बोंबील. आई तो भाजायला लागली की मला वासावरून कळायचं किती उरलेत ते. मी भुवया वर केल्या आणि म्हटलं, "बोम-बे."

वर्ग खदखदला, पण तिने सगळ्यांना गप्प केलं. "हसू नका रं. त्याला लाज वाटंल." मग माझ्याकडे वळून पुन्हा, "बोंबील." तिसऱ्यांदा मला बरोबर जमलं, तेव्हा तिने एक तुकडा मोडून मला खायला दिला. मी तो नवलाने चावला.

तेव्हापासून माझा तास सुरू झाला की पहिली वीस मिनिटं माझी शिकवणी असायची. होडी. जाळं. पाणी. भाकर. ही मुलं शिकवण्यात इतकी तरबेज होती की आजही आठवलं की चिडायला होतं. एका वेळी एकच वस्तू दाखवायची. तीनदा म्हणायचं. चुकलं तर रागवायचं नाही. बरोबर आलं तर खायला काहीतरी द्यायचं. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला कोणी असं शिकवलं असतं तर मी फर्स्ट क्लासात असतो. वीस मिनिटांची पंचवीस झाली, पंचवीसची तीस. कोणाच्या आजीने तांदळाची भाकरी पाठवली, कोणाच्या आईने उकडलेली अंडी. मी मुद्दाम हळू शिकत होतो, कारण लवकर शिकलो असतो तर खाणं बंद झालं असतं. उरलेल्या वेळात मी फळ्यावर उदाहरणं लिहायचो आणि पोरं ती निमूटपणे उतरवायची. ती उतरवतायत म्हणजे त्यांना येतायत, असा मी हिशेब धरला होता.

मला मराठी येत नसल्यामुळे ते माझ्यासमोर माझ्याबद्दल बिनदिक्कत बोलायचे. "ह्याचा सूट गादीच्या खोळीचा हाय." "चालतो बघ कसा, चिखलातला बगळा." "बायको नसंल ह्याला." "कोन देनार." हे सगळं ऐकून मंद हसत राहणं किती कठीण असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, आणि ते करणारा गाढव माझ्याशिवाय दुसरा कोणी झाला नसावा.

एकदा सोंग घेतल्यावर ते शाळेपुरतं राहीना. लाँचवर तिकीट फाडणारा सातवीतल्या एकाचा काका होता. त्याच्याशी मी बोटांनी बोलायचो. एक बोट म्हणजे एक तिकीट, मग हात बोरिवलीच्या दिशेला. लाँच दुसरीकडे कुठे जात नव्हती, तरी मी हात दाखवायचो. बाईंशी मराठीत बोलायचं ते मुलं घरी गेल्यावर, त्यांच्या खोलीत, दार लोटून. बाई भिंतीपलीकडून सातवीचा गलका ऐकत होत्या. "वर्ग जिवंत झालाय हो तुमचा," एकदा त्या म्हणाल्या. मी विनयाने खाली बघितलं.

तिसऱ्या रविवारी आमच्या चाळीच्या मंडळाने माझा सत्कार केला. माझ्या हातात पत्र नव्हतं, तिकीट नव्हतं, होता तो फक्त पीतज्वराच्या इंजेक्शनने सुजलेला डावा दंड. पण आमच्याकडे माणूस गेल्यावर सत्कार करून काय करणार, म्हणून तो आधीच उरकतात. पटांगणात दोन बाकडी जोडून स्टेज केलं. सुरुवातीला तळमजल्यावरच्या आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात तसं ते आमच्या चाळीत अपेंडिक्सच्या ऑपरेशनपासून मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत सगळ्याला घालायचे. त्यांनी नारळ हातात धरला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो पोरगो आफ्रिकेक चल्लो हा. तकडे पोरांक शाणा करूचा काम तेना अंगावर घेतल्यान हा. तेच्या हातात पोरा दितत ती तेना नीट सांभाळूची, अशी तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चाळ एका आवाजात म्हणाली. त्यात माझाही आवाज होता, आणि तो बाकीच्यांपेक्षा मोठा होता.

मग मी भाषण केलं. मुलांच्या मनापर्यंत पोचायला भाषा लागत नाही, असं मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा पांढरा शर्ट घालून कडेला उभे होते. शेजारच्या माणसाला ते सांगत होते, "माझो झील मास्तर झालो." दहिसरच्या गोदामातून त्या दिवशी त्यांनी रजा घेतली होती. त्या वाक्यानंतर मला ते पत्र आणणं भागच होतं. नुसतं मरोळ टाळायचं असतं तर एक वेळ मागे फिरता आलं असतं, पण आता शाल अंगावर पडली होती.

चौथ्या आठवड्यात, शाळा संपवून लाँचमध्ये बसलो होतो. मासळी विकायला बोरिवलीला जाणाऱ्या बायका चढत होत्या. एकीची टोपली माझ्या डोक्यावरून जाताना कलंडली आणि मासळीचं पाणी बदामी पँटीवर मांडीपासून घोट्यापर्यंत उतरलं. माणूस ठेचकाळला की तोंडातून जी भाषा बाहेर पडते ती त्याची खरी. माझी बाहेर पडली.

"अगो, दिसना नाय तुका? नवी पँट माझी, सगळी नासवलंस."

तिकीटवाला काका तिकिटांचा गठ्ठा हातात धरून बघत राहिला. टोपलीवाल्या बाईच्या मागे तराजू धरून पहिल्या बाकावरची ती मुलगी उभी होती.

तिच्या आईने टोपली खाली ठेवली, माझ्याकडे निरखून बघितलं आणि मुलीला विचारलं, "ह्योच काय गं तुमचा मुका सर? ज्याला मी अंडी पाठवली?"

मुलीने खाडीकडे तोंड फिरवलं.

"मालवनी हाय की ह्यो," आई म्हणाली. त्यानंतर त्या लाँचवर मासळीबद्दल कोणी बोललं नाही. सगळा प्रवास माझ्यावर झाला, आणि या वेळी मला सगळं कळतंय हे त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी न जायचा विचार केला, पण पत्र आणायचं होतं. वर्गात शिरलो तर अठराही जण उभे राहिले. "नमस्ते सर," म्हणाले. कोणाच्या हातात बोंबील नव्हता. मला "बसा" म्हणायचं होतं, पण कोणत्या भाषेत म्हणावं ते सुचेना. तेवढ्यात बाईंनी बोलावलं.

त्यांच्या टेबलावर सातवीच्या चार वह्या होत्या, स्कॉलरशिपच्या मुलांच्या. त्यांनी एक उघडून दाखवली. माझी इंग्रजी उदाहरणं, अक्षरांच्या वळणासकट, चित्र काढावं तशी उतरवलेली. उत्तर एकाचंही नव्हतं.

"मला वाटलं, मुलं एवढी बोलतायत म्हणजे शिकतायत," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दमल्यासारख्या दिसत होत्या. "कशासाठी केलंत हे?"

"सराव म्हणून."

"कसला?"

मी संचालकांचं सूत्र सांगितलं. परकं समजा वगैरे. सांगताना ते मलाच इतकं खुळचट वाटलं की मधेच थांबलो आणि म्हटलं, "बाई, पत्र."

"देते की. पण ती मुलं काही माझ्या मालकीची नाहीत. त्यांना विचारू."

त्या उठल्या आणि मला घेऊन वर्गात आल्या. "या सरांना मराठी येतं," त्यांनी सांगितलं.

"माहीत हाय," वर्ग म्हणाला.

"त्यांना एक पत्र हवंय. यांच्या हाती मुलं द्यायला हरकत नाही, असं मी लिहून दिलं तर हे परदेशात शिकवायला जाणार. लिहू का?"

आणि माझ्यादेखत चर्चा सुरू झाली. सवयीने म्हणा की मुद्दाम, ते अजूनही मला मराठी येत नसल्यासारखेच बोलत होते.

"देऊन टाका बाई. तिकडची पोरं शिकवतील त्याला."

"कवा शिकनार? हळू शिकतो त्यो."

"नाटक होतं रं ते."

"आमची अंडी खाल्ली किती."

"खाल्ली तं खाल्ली. भूक लागली आसंल. पन खोटा कशाला बोलला?"

मग सगळे त्या मुलीकडे बघायला लागले, कारण पहिला बोंबील तिने आणला होता, मला तिने शिकवलं होतं, आणि हसणाऱ्यांना गप्पही तिनेच केलं होतं. ती उभी राहिली. माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, "सर चांगला हाय. पन पोरं नका देऊ."

बाईंनी तिथेच, माझ्या टेबलापाशी बसून पत्र लिहिलं आणि वर्गाला वाचून दाखवलं. "सदर उमेदवाराने इयत्ता सातवीच्या वर्गास चार आठवडे मराठी येत नसल्याचे भासविले. गणिताचे एकही प्रकरण पूर्ण झालेले नाही. विद्यार्थ्यांशी विचारविनिमय करता, सदर उमेदवाराच्या हाती मुले सोपविण्यास हरकत आहे." मग पिशवीतून शिक्का काढून त्यावर हवा फुंकली आणि व्यवस्थित गोल उठवला.

"बाई, माझा सत्कार झालाय," मी म्हटलं.

"शाल दिली असेल ना?" बाई म्हणाल्या. "घेऊन जा. उपयोगी पडेल."

अंधेरीला जाताना ते पत्र फाडावं असं तीनदा मनात आलं. फाडलं नाही, त्यात सद्गुण काही नव्हता. पत्र नसलं तर तिकीट नाही, आणि दुसरं पत्र कुठून आणायचं ते सुचत नव्हतं, एवढंच. शिवाय मनात कुठेतरी असंही होतं की दुसऱ्या कोणीतरी नाही म्हणावं. संचालकांनी नकार दिला की बाबांना सांगता आलं असतं: संस्थाच फालतू होती.

संचालकांनी पत्र घेतलं. उजेडाकडे धरलं. "गोल शिक्का आहे. उत्तम," म्हणाले, दोन भोकं पाडली आणि फाइलला लावलं. माझ्या नावापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल.

मी जिना उतरून लॉन्ड्रीपर्यंत आलो. सुटलो होतो. सत्काराची शाल परत करायची वेळ टळली होती, बाबांचं तोंडही राहिलं होतं. मग वाटलं, पुढे कधीतरी कोणी ते पत्र वाचलं तर? भीतीने परत वर गेलो.

"साहेब, पत्र वाचा."

"वाचीन रे."

"आत्ता वाचा."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून फाइल उघडली. वाचलं. पुन्हा वाचलं. "बाई कडक दिसतात."

"त्यांनी लिहिलंय ते खरं आहे."

"असेल. पण तिथे तुला मराठी येतं की नाही, कोण विचारणार आहे?" ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "गणिताची जागा आहे, तिथल्या शाळेला तुझं नाव कळवलंय, तिकीट निघालंय. आता हरकत घेऊन कसं चालेल? आणि तुला काय वाटतं, बाकीच्यांची पत्रं मी वाचली?" त्यांनी फाइल मिटली. "तुझ्यात तळमळ आहे. तीच लागते."

हा मनुष्य माझ्या हाती दुसऱ्या देशातली मुलं देत होता, आणि देताना त्याचं लक्ष चहा आला का याकडे होतं. अंधेरीपासून झांबियापर्यंतच्या सगळ्या कारभारात हा प्रश्न कोणी गंभीरपणे घेतला असेल तर खाडीपलीकडच्या अठरा पोरांनी. त्यांनी विचार करून उत्तर दिलं होतं आणि ते उत्तर दोन भोकं पाडून फाइलला लागलं होतं. त्या संस्थेची मला किळस आली. ती पुरती यायच्या आतच लक्षात आलं की मला तिथे निवडून काढलं होतं ते उगीच नव्हे. आम्ही एकमेकांना शोभत होतो.

जायला दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साधा शर्ट घालून गोराईला गेलो. माझं मन पालटलं वगैरे समजू नका. घरी बसलो असतो तर आईने लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधायला बसवलं असतं, आणि येणारे-जाणारे पाया पडायला लावत होते. बाईंनी का आलात असं विचारलं नाही. "अकरा आहेत," एवढंच म्हणाल्या.

दहा दिवस मी मराठीत शिकवलं. नफा-तोटा, शेकडेवारी, काळ-काम-वेग. सकाळी आणि शाळा सुटल्यावरही. त्यांना पटापट कळत होतं, आणि ते कळताना बघून मला चार आठवड्यांचा हिशेब आपोआप कळत होता. आता ते माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत नव्हते. उत्तर विचारलं की उभे राहून द्यायचे, शंका असली की 'सर, हे कसं?' विचारायचे, आणि तास संपला की वह्या मिटायचे. खायला कोणी काही आणलं नाही. कोणत्याही शाळेत कोणत्याही मास्तरला मिळतो तेवढा मान मला मिळाला. सहा प्रकरणं झाली.

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मुलगी थांबली. हातात गणिताचं पुस्तक होतं, उरलेल्या पाच प्रकरणांत बोट घालून.

"चक्रवाढ व्याज कोन घेनार?" तिने विचारलं.

"मोठ्या बाई घेतील."

"बाईंना गनित येत नाय."

"कोण म्हणालं?"

"बाईच बोलल्या. म्हनून तं तुमाला ठेवलेला."

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, चक्रवाढ व्याजाचं पान काढलं आणि वरची सोडवलेली उदाहरणं दाखवली. "ही नीट बघितली की येतं," मी म्हटलं. "पायरी पायरीने दिलंय सगळं."

तिने पानावर नजर टाकली. "बरं," म्हणाली, आणि फळा पुसायला लागली. मी धक्क्याकडे निघालो, कारण लाँच सुटायची वेळ झाली होती.